वर्षाची आवडती ध्वनिमुद्रणं कशी निवडायची: ख्याल ऐकणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की वर्षातल्या उत्तम ध्वनिमुद्रणांच्या याद्या येऊ लागतात. बहुतेक याद्यांत त्या बारा महिन्यांत बाजारात आलेलं तेवढंच असतं. आपल्या रागसंगीताला ही चौकट अपुरी पडते. एखाद्या वर्षी आपल्याला सगळ्यांत ताजं वाटलेलं गाणं नव्वद वर्षांपूर्वीच्या तबकडीवरचं असू शकतं, किंवा कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहिलेल्या टेपच्या स्पूलवरची मैफल असू शकते. म्हणून माझ्या यादीतलं वर्ष ऐकणाऱ्याचं असतं. या वर्षी मी कशाकडे पुन्हा पुन्हा वळले आणि का वळले, एवढंच तिच्यात येतं.

मी मिरजेत औषधांचं दुकान चालवते. गाणं शिकलेली नाही, पण घरात आणि गावात ते भरपूर कानावर पडत आलं आहे. पुढे सांगते त्यातल्या कशालाही तालीम लागत नाही. एक वही, बऱ्यापैकी हेडफोन आणि सलग पाऊण तास बसण्याची तयारी असली की झालं.

वही पहिल्या दिवसापासून हवी. डिसेंबरात आठवून केलेल्या यादीत ऑक्टोबर-नोव्हेंबरच तेवढे भरतात. प्रत्येक नोंदीत तारीख, कलाकार, राग, बंदिशीचे पहिले शब्द, ताल, साथीदार, लांबी आणि ते कुठून मिळालं हे लिहा. त्याखाली एक जागा लिहा. गाण्याबद्दल बोलताना आपण म्हणतो ना, ‘काय जागा घेतली!’, ती जागा. कितव्या मिनिटाला, कोणत्या शब्दावर, कोणत्या स्वरावरून कुठे गेले, जमेल तसं. स्वरांची नावं येत नसतील तर ‘तिसऱ्यांदा मुखडा घेताना आधीच थांबले आणि मग समेवर आले’ असं लिहिलं तरी चालतं. (मुखडा म्हणजे बंदिशीची पुन्हा पुन्हा येणारी सुरुवात, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा.) माझा यातला नियम कडक आहे: जिची जागा सांगता येत नाही ती नोंद वर्षाच्या यादीत येत नाही, मग नाव कितीही मोठं असो. ‘अप्रतिम’, ‘दिव्य’ असे शब्द वहीत लिहायचेच नाहीत असं ठरवलंत तर महिन्याभरात तुमचं ऐकणं बदललेलं दिसेल.

एकच ध्वनिमुद्रण निदान तीनदा ऐका, पण तीन वेगळ्या कामांसाठी. पहिल्यांदा नुसतं ऐका. मध्ये थांबवू नका, माहिती वाचू नका. दुसऱ्यांदा गायकाला बाजूला ठेवा आणि तबला, तानपुरा, सारंगी किंवा संवादिनी ऐका. तिसरी बैठक महिन्याभराने घ्या, शक्यतो दिवसाच्या वेगळ्या वेळी.

दुसऱ्या बैठकीचं महत्त्व मला ख्यालगायक अमीर खाँच्या मारव्यावरून सांगता येईल. त्यांची ती प्रसिद्ध एलपी (लाँग प्ले तबकडी), एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात ‘पिया मोरे अनत देस’ हा विलंबित ख्याल आहे, झुमऱ्यात. झुमरा म्हणजे चौदा मात्रांचा ताल, आणि खाँसाहेबांची लय इतकी संथ की सवय नसलेल्याला सम कुठे गेली ते कळत नाही. पहिल्यांदा ऐकताना सगळं लक्ष त्या कोमल रिषभाकडे जातं. मारव्यात रिषभ आणि धैवत सांभाळायचे, पंचम नाहीच, आणि षड्जावर विसावणं शक्य तितकं लांबवायचं. खाँसाहेब ते इतकं लांबवतात की शेवटी षड्ज आला की आपणच श्वास सोडतो. दुसऱ्यांदा नुसता ठेका, म्हणजे तबल्यावरचे तालाचे ठरलेले बोल, ऐका. तबलजी जवळजवळ काहीच करत नाही. ठेका स्वच्छ, भरलेला, एकसारखा. त्या एकसारखेपणामुळेच गायकाला आवर्तनभर एका स्वरावर राहता येतं. तिसऱ्यांदा हा मारवा सूर्य मावळताना लावा. दुकानात त्या वेळी वर्दळ असते, पण रविवारी मी गच्चीवर बसून ऐकते. वेळेचा नियम पाळायलाच हवा असं माझं म्हणणं नाही. ध्वनिमुद्रणाने आपल्याला दुपारी मालकंस ऐकण्याची मोकळीक दिली आहे आणि ती मी घेते. पण यादीत घालायच्या प्रत्येक रागाला एकदा तरी त्याची वेळ द्यावी. पहाटे ऐकलेला ललत आणि रात्री दहाला ऐकलेला ललत यांची नोंद माझ्या वहीत वेगळी पडते.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी रीत वेगळी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मिळत. तेवढ्यात राग उभा करायचा म्हणजे आलापाची चैन नाही. गायक थेट मुखड्यावर येतो आणि तानाही लगेच सुरू होतात. अशा तबकडीकडे मैफलीचा तुकडा म्हणून पाहू नका, तो स्वतंत्र घाट आहे. ती लागोपाठ तीनदा ऐका, दहा मिनिटंही जात नाहीत. गायिका गौहरजानने १९०२ साली कलकत्त्यात गायलेल्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. तबकडीवर योग्य नाव छापलं जावं म्हणून ही सोय होती. पुढच्या तीन-चार दशकांतली कितीतरी मोठी माणसं आपल्याला फक्त या तीन मिनिटांतच भेटतात.

आमच्या गावाच्या दृष्टीने यातलं पहिलं नाव अब्दुल करीम खाँ. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमालकोइल स्टेशनावर ते गेले; त्यांना मिरजेत आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दरवर्षी उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. त्यांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी घ्या. आवाज बारीक, अनुनासिक, वरच्या पट्टीतला. आजच्या कानाला पहिल्यांदा तो विचित्र वाटू शकतो, आणि वाटला तरी ऐकत राहा. ‘पिया’ या दोनच अक्षरांवर ते प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेने येतात: कधी खालून मींड (सूर न तोडता सरकत येणं), कधी थेट, कधी स्वराला नुसता स्पर्श. वहीत प्रत्येक ‘पिया’समोर एक रेघ ओढा आणि ती वर गेली की खाली आली एवढंच काढा. तीन मिनिटांत किती माल आहे ते त्या रेघांवरून दिसतं.

जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना दोन गोष्टी तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. एक म्हणजे वेग. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झाल्या असतील असं नाही. घरगुती स्पूल आणि कॅसेटचा वेगही नक्कल करताना इकडेतिकडे होतो. वेग पाच-सहा टक्क्यांनी वाढला की सूर पेटीवरच्या अख्ख्या एका पट्टीने चढतो, काळी एकची पांढरी दोन होते. पेटीवर किंवा फोनमधल्या तानपुऱ्यावर गायकाचा षड्ज जुळवून पाहा. पुरुष गायक बहुधा पांढरी एक ते पांढरी दोनच्या आसपास असतात, स्त्रिया काळी चार-काळी पाचच्या आसपास. अर्थात याला मोठे अपवाद आहेत. करीम खाँसाहेब बरेच वर गात, आणि गंगूबाई हनगलांचा भारदस्त आवाज खालच्या पट्टीतला. म्हणून एकाच गायकाची तीन-चार ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवूनच काय ते ठरवा. एखादंच बाकीच्यांपेक्षा दोन पट्ट्या चढं असेल आणि ताना माणसाच्या गळ्याबाहेरच्या वाटत असतील, तर ते धावतंय. फोनवरच्या साध्या प्लेअरमध्येही वेग थोडा कमी करता येतो. तसं केल्यावर चिवचिवणारा आवाज एकदम माणसात येतो आणि तुम्हाला तो गायक नव्याने सापडतो.

दुसरी तपासणी तानपुऱ्याची, आणि ती मिरजेत शिकावी तशी दुसरीकडे शिकता येणार नाही. सतारमेकर गल्लीत पिढ्यान् पिढ्या तानपुरे आणि सतारी बनतात, मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांपासून. कारागीर जवारी लावताना, म्हणजे तारेचा झणकार जुळवताना, शेजारी उभं राहिलात तर कान पाच मिनिटांत तयार होतो. घोडीवर तारेखाली तो दोरा घालतो आणि केसभर पुढे-मागे सरकवत राहतो. आधी तार नुसती ‘टण्ण’ वाजते. दोरा एका ठिकाणी आला की तीच तार उघडते, तिच्यातून वरचे स्वर एकामागून एक निघू लागतात आणि नाद लांबतो. पंचम, जोडाच्या (षड्जाच्या) दोन तारा, खर्ज म्हणजे खालचा षड्ज, असं चारही तारांचं झालं की मग तो दोन्ही हात मागे घेऊन नुसता ऐकत बसतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हा सगळ्या गावकऱ्यांना अभिमान आहे.

आता हेडफोन लावा आणि गायक श्वास घेण्यासाठी थांबतो तिथे कान द्या. चार तारा वेगळ्या ऐकू येतात का? खर्जाची तार संपून पुन्हा पंचम सुरू होताना मधला नाद टिकतो का? टिकत असेल तर ते मुद्रण किंवा ती नक्कल चांगली. तानपुऱ्याच्या जागी वाळू पडल्यासारखा नुसता ‘सस्स’ येत असेल, तर फाइल फार दाबलेली आहे किंवा खरखर काढण्याच्या नादात कुणीतरी वरचे सूर कापून टाकले आहेत. त्याच मैफलीची दुसरी नक्कल शोधा. मला विचाराल तर खरखर असलेली, न धुतलेली प्रत नेहमी बरी. खरखरीच्या पलीकडे ऐकायला कान शिकतो, पण कापलेला सूर परत येत नाही.

नावांच्या बाबतीत कशावरही लगेच विश्वास ठेवू नका. इंटरनेटवर एकच मैफल तीन वेगवेगळ्या सालांनी सापडते. रागांची नावंही चुकतात, विशेषतः जिथे स्वर सारखेच असतात तिथे. भूप आणि देसकार, दोन्हींत तेच पाच स्वर. भूप गंधाराभोवती फिरतो आणि खालच्या अंगात रमतो. देसकार धैवत धरतो आणि वरच्या अंगात खेळतो, शिवाय तो सकाळचा. मारवा, पूरिया आणि सोहनीचंही तसंच. शंका आली तर बंदिशीच्या शब्दांवरून शोधा, आणि गाणं शिकवणारं कुणी ओळखीचं असेल तर दोन मिनिटं ऐकवा. बहुतेक गुरुजी आनंदाने सांगतात. साथीदारांची नावं मिळवायला सगळ्यांत जास्त कष्ट पडतात, जुन्या तबकड्यांवर सारंगीवाल्याचं आणि तबलजीचं नाव बहुधा नसतंच. मला ते फार लागतं. ज्यांच्या साथीवर ती जागा उभी राहिली ती माणसं अनामिक राहू नयेत. म्हणून घोषणेतलं नाव, मैफलीत मध्येच गायकाने ‘वाह’ म्हणून घेतलेलं नाव, जे मिळेल ते लिहून ठेवते. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी तबकड्यांची माहिती जमवण्याचं जे काम केलं आहे, त्याच्यापुढे आपलं हे घरगुती टिपण लहान, पण दिशा तीच.

वर्षभर काय ऐकायचं हे ठरवताना मी गुरू-शिष्यांच्या साखळ्या धरते. २०२४ मध्ये ती साखळी मला दुःखातच सापडली. ९ जानेवारीला गायक राशीद खाँ गेले आणि १३ जानेवारीला गायिका प्रभाताई अत्रे. प्रभाताईंचे गुरू सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर, म्हणजे आमच्या करीम खाँसाहेबांची मुलं. हिराबाईंचा तर जन्मच मिरजेचा. मग मी आधी खाँसाहेब, मग सुरेशबाबू, मग हिराबाई आणि शेवटी प्रभाताई अशा क्रमाने ऐकलं. कर्नाटक संगीताच्या ओढीतून खाँसाहेबांनी सरगम, म्हणजे स्वरांची नावं घेत गाणं, आपल्या गाण्यात आणली. दोन पिढ्यांनी प्रभाताईंनी तिच्यावर प्रबंध लिहिला आणि मैफलीत ती पूर्ण वेगळ्या तऱ्हेने फुलवली.

त्यांची मारुबिहाग आणि कलावतीची एलपी घ्या. ‘जागू मैं सारी रैना’ त्यांची स्वतःची रचना, ‘तन मन धन’ही त्यांचीच. कलावतीत रिषभ नाही, मध्यम नाही, त्यामुळे गंधारावरून पंचमावर आणि षड्जावरून गंधारावर झेप घ्यावीच लागते. सरगम म्हणताना बरेच गायक त्या झेपा हिशेबासारख्या टाकतात. प्रभाताई ‘ग’ आणि ‘प’ ही अक्षरं शब्दासारखी उच्चारतात, त्यांना लाड असतो, वजन असतं. कोमल निषादावरून खाली येताना तर ‘नि’ हे अक्षर अर्धवट सोडून त्या धैवतात मिसळतात. पूर्वी मला ही एलपी मारुबिहागसाठी आवडायची. साखळीने ऐकल्यावर कलावती वर आला, आणि त्या वर्षीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर बसला.

कलाकार गेल्यावर लगेच त्यांचं ध्वनिमुद्रण यादीत टाकू नका, थोडे महिने जाऊ द्या. पहिल्या आठवड्यात आपण त्या माणसाला ऐकत असतो, गाणं नंतर ऐकू येतं. राशीद खाँचा बागेश्री मी जानेवारीत लावला तेव्हा वहीत काहीच लिहिता आलं नाही. पावसाळ्यात पुन्हा लावला तेव्हा मध्यमावरचा त्यांचा ठेहराव आणि त्यानंतर धैवताला दिलेला तो हलका धक्का सापडला, आणि जागा लिहिली गेली.

नोव्हेंबरात सारंगीचे रामनारायण गेले. त्यांचा ललत मी घेतला. शुद्ध आणि तीव्र, दोन्ही मध्यम लागोपाठ येतात तिथे नख तारेच्या कडेने सरकतं आणि दोन स्वरांमधला प्रवास ऐकू येतो. पेटीवर हा ललत का बसत नाही, ते त्या दोन सेकंदांत कळतं. मग १५ डिसेंबरला झाकीर हुसेन गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांना एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाली होती. यादीत मात्र मी त्यांचं १९७४ सालचं, कॅलिफोर्नियात मुद्रित झालेलं वादन घेतलं: हरिप्रसाद चौरसियांचा अहीर भैरव, तबल्यावर तेवीस वर्षांचे झाकीरभाई. बासरी लांब स्वर धरते तेव्हा ते डग्ग्याची घुमक इतकी कमी करतात की ती नुसती जाणवते. हे संयमाचं वादन मला त्यांच्या वेगापेक्षा जास्त प्रिय आहे.

म्हणूनच मी यादी ३१ डिसेंबरला बंद करत नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात असतो, तिथे ऐकलेल्या एखाद्या गायकाची जुनी मैफल शोधायला दोन-तीन आठवडे लागतात. संक्रांतीपर्यंत यादी उघडी ठेवा.

दहाच नोंदी ठेवा. एका कलाकाराची एकच. निदान दोन वाद्यांच्या, एक ठुमरी किंवा नाट्यपद, आणि एक पस्तिशीच्या आतल्या गायक-वादकाची, जिच्यात एकच राग निदान चाळीस मिनिटं मांडलेला असेल. ही शेवटची अट मी सोडत नाही. तरुण मंडळी हल्ली सात-आठ मिनिटांचे सुंदर तुकडे पुष्कळ टाकतात, पण बढत, म्हणजे रागाचा हळूहळू होणारा विस्तार, पाहायची तर पूर्ण राग हवा, आणि आपण पूर्ण राग ऐकतो हे त्यांना दिसलं पाहिजे. आवडलं तर अधिकृत ठिकाणाहून विकत घ्या. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी सुरू केलेल्या अंडरस्कोर रेकॉर्ड्ससारख्या जागा त्याच हेतूने उभ्या राहिल्या आहेत. निवडक तुकडे जोडलेले संग्रह यादीत धरू नका. जुन्या तबकड्या प्रत्यक्ष हव्या असतील तर पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार आहेतच. घेण्याआधी तबकडी उजेडात तिरकी धरून चरे आणि वाक पाहा.

शेवटी सगळं नीट ठेवायचं काम. प्रत्येक फाइलला वहीतल्या क्रमाने नाव द्या: कलाकार, राग, बंदिश, साल, साथीदार. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा आणि तिसरी गाण्यातल्या एखाद्या मित्राकडे द्या, दुसऱ्या गावातला असेल तर उत्तम. यादी पाठवताना प्रत्येक नोंदीखाली तिची जागा लिहून पाठवा, म्हणजे घेणारा नेमकं तिथे जाऊन ऐकेल आणि पटलं नाही तर भांडेलही. साल किंवा तबलजीचं नाव मिळालं नसेल तिथे अंदाजाने काही भरू नका, रकाना रिकामा ठेवा. माझ्या वहीत असे रिकामे रकाने पुष्कळ आहेत, आणि यादी वाचून कुणीतरी त्यातला एखादा दरवर्षी भरून देतं.